बिऱ्हाडाचा हिशेब



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांचा मी विद्यार्थी नव्हे, शेजारी. हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत त्यांच्या आणि माझ्या घराची एक भिंत सामाईक होती, आणि त्या भिंतीपलीकडून संध्याकाळच्या शिकवणीतील नफातोट्याची व सरळव्याजाची गणिते माझ्या कानांवर येत. गुरुजींचा एक नियम साऱ्या वसाहतीला ठाऊक होता. उत्तर बरोबर असले तरी त्यापुढे एकक लिहिलेले नसेल, तर गुण शून्य. 'बारा म्हणजे काय? बारा रुपये, बारा शेर की बारा माणसे?' असे ते विचारीत. मी मराठीचा अध्यापक. गणिताशी माझा संबंध पगारपत्रकापुरता. तरीही आज मी हिशेबाचाच विषय निवडला आहे, आणि गुरुजींच्या त्या नियमाचा मला पदोपदी आधार घ्यावा लागणार आहे.

विषयाचे निमित्त सांगतो. गेल्या काही वर्षांत आपल्या वसाहतीतील मराठी घरांतून एकच चर्चा वारंवार ऐकू येते. मुले पुण्याला, बंगळुरूला नोकरीस लागली. ती म्हणतात, आईबाबा, करोंदचे घर विका आणि इकडे या. मग वडीलधारी मंडळी कागद-पेन्सिल घेऊन बसतात. तिकडे भाडे किती, दूध किती, मोलकरीण किती घेते, इकडच्या घराचे किती येतील. दोन रकाने आखले जातात, दोहोंच्या बेरजा होतात आणि लहान बेरीज ज्या गावाची, तेथे राहावे असे ठरते. किंवा त्या बेरजेमुळे घरात अबोला धरला जातो. हा हिशेब बहुधा चुकतो. बेरीज चुकते म्हणून नव्हे, तर प्रश्नच निराळा विचारला जातो म्हणून.

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत, 'स्वस्त' आणि 'परवडणे'. आपण ते समानार्थी असल्यासारखे वापरतो. परंतु व्याकरण त्यांना वेगळे ठेवते. 'स्वस्त' हे वस्तूचे विशेषण. घर स्वस्त आहे, गहू स्वस्त आहे. वाक्य पूर्ण झाले, माणसाची गरज पडली नाही. 'परवडणे' या क्रियापदाचे मात्र चतुर्थीवाचून चालत नाही. 'घर परवडते' एवढेच म्हटले तर ऐकणारा लगेच विचारतो, कोणाला? मला परवडते, तुला परवडत नाही. भोपाळच्या महाविद्यालयांत आयुष्य गेले, पण हिंदी भाषक सहकाऱ्यांना या क्रियापदाचा नेमका पर्याय सांगताना मी दरवेळी अडखळलो. स्थलांतराच्या हिशेबात आपण 'स्वस्त कोठे?' हे शोधतो आणि 'परवडते कोणाला?' हे विचारावयाचे राहून जाते. हे मला माझ्या वडिलांच्या जमाखर्चाच्या वहीने शिकविले. तीच वही आज मी बरोबर आणली आहे.

आमच्यापैकी पुष्कळांची कुळकथा एका तारखेपासून सुरू होते, ती म्हणजे १ नोव्हेंबर १९५६. त्या दिवशी राज्यपुनर्रचना अमलात आली. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. त्या राज्यातील विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. उरलेला महाकोशल, मध्य भारत, विंध्य प्रदेश आणि छोटेसे भोपाळ राज्य मिळून नवा मध्य प्रदेश उभा राहिला. राज्यपुनर्रचना आयोगाने १९५५ च्या आपल्या अहवालात राजधानीसाठी जबलपूर सुचविले होते. निवड मात्र भोपाळची झाली. उच्च न्यायालय जबलपूरला गेले आणि सचिवालयाचे कारकून, लेखापाल, चपराशी सहकुटुंब किंवा बहुधा विनाकुटुंब भोपाळच्या गाडीत बसले. नागपूरहून जसे आले तसे ग्वाल्हेर-इंदूरहून आले, रीव्याहून आले. ग्वाल्हेर आणि इंदूर येथून येणाऱ्यांतही मराठी कुटुंबे थोडी नव्हती.

आता त्या दोन शहरांची तुलना करा. १९५१ च्या जनगणनेत नागपूरची वस्ती सुमारे साडेचार लाख होती, भोपाळची जेमतेम एक लाख. भोपाळ तेव्हा जिल्ह्याचे ठिकाणसुद्धा नव्हते; ते सिहोर जिल्ह्यात मोडे, आणि स्वतंत्र भोपाळ जिल्हा झाला तो १९७२ साली. नवाबी अमलात बांधलेल्या इमारतींत कचेऱ्या बसल्या, विधानसभा मिंटो हॉलमध्ये भरू लागली. कचेरीला हॉल पुरतो. कारकुनाला दोन खोल्या, मोरी आणि पाण्याचा नळ लागतो. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या बाजूला दुसरेच एक शहर वसू लागले. १९६१ पर्यंत भोपाळची वस्ती दोन लाखांपुढे गेली. एका दशकात दुप्पट झालेल्या गावात घरमालकाचा भाव काय होत असेल, हे सांगावयास नको.

कायद्याने नोकरांची काळजी घेतली नव्हती असे नाही. राज्यपुनर्रचना अधिनियमाच्या ११५ व्या कलमात अशी हमी होती की, केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून कर्मचाऱ्याच्या सेवाशर्तींत त्याला अहितकारक असा बदल करता येणार नाही. पगार तोच राहिला, श्रेणी तीच राहिली. घरभाडे आणि दोन चुली या काही सेवाशर्ती नव्हेत.

माझे वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. महालातील एका वाड्यात आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. मी तेव्हा सहा वर्षांचा. वहीतील ऑक्टोबर १९५६ चे पान असे सांगते की पगार १५० रुपये, घरभाडे १४, बाकीचा सारा खर्च १०४, शिल्लक ३२. त्यानंतर वडील एकटे भोपाळला आले आणि इब्राहिमपुऱ्यात तिघा सहकाऱ्यांबरोबर एका खोलीत राहू लागले. त्यांच्या वाट्याचे भाडे ९ रुपये, खानावळ ३२, चहा-धोबी-किरकोळ १०. नागपूरशी ताडून पाहता यातील प्रत्येक रक्कम लहानच दिसते. नोव्हेंबरच्या पानावर वडिलांनी शेरा लिहिला आहे, 'भोपाळ स्वस्त.' परंतु त्याच पानाच्या खाली नागपूरचे भाडे १४ आणि आईला पाठविलेली मनीऑर्डर ८० रुपयांची आहे. दर दोन महिन्यांनी ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसने इटारसीमार्गे एक फेरी होई. तिचा महिन्याचा वाटा ८. बेरीज १५३. पगार १५०. स्वस्त गावात आल्याबरोबर घर तुटीत गेले.

क्वार्टरची पाळी अकरा महिन्यांनी आली. पूर्वी महिन्याला ३२ रुपये उरत, आता ३ कमी पडत. म्हणजे दरमहा ३५ रुपयांचा फरक. अकरा महिन्यांचे ३८५ झाले, अडीच पगारांहून अधिक. सामान आणावयाच्या वेळी आईच्या दोन बांगड्या गहाण पडल्या. त्या सोडविल्याची नोंद वहीत १९६१ च्या दिवाळीत आहे. क्वार्टरचे भाडे मात्र पगाराच्या दहा टक्क्यांच्या नियमाने १५ रुपये, म्हणजे नागपूरहून एकच रुपया अधिक. आणि वर अंगण व नळ. कागदावर दोन्ही गावे जवळजवळ सारखी ठरली. बांगड्या गेल्या त्या या दोन गावांच्या मधल्या अकरा महिन्यांत. तुलनेचा तक्ता आखणारे 'तेथे किती' आणि 'येथे किती' असे दोन रकाने आखतात. 'दोन्हीकडे एकदम किती महिने' हा तिसरा रकाना कोणी आखत नाही. स्थलांतर करणारा गरीब होतो तो बहुधा याच रकान्यात.

या वहीत आणखी एक गंमत आहे, आणि ती गुरुजींना फार आवडे. मार्च १९५७ पर्यंत पानावर रुपये, आणे, पै असे तीन रकाने आहेत. १ एप्रिलपासून एकाएकी दोनच, कारण त्या दिवशी नवे पैसे आले. सोळा आण्यांचे शंभर पैसे झाले, म्हणजे एका आण्याचे सव्वासहा. आणि तो पाव पैसा कोणाच्या खिशात जावयाचा यावरून दुकानातून वाद होत. पुढे ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि शेर मागे पडला. शेर किलोहून थोडा लहान, सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्यातून नागपुरास आमची ज्वारी पायलीने मापून येई, भोपाळात धान्य तागडीने जोखून मिळे. एक माप आकाराचे, दुसरे वजनाचे. वडिलांनी वहीच्या मागच्या पानावर पायलीचे शेर आणि आण्याचे पैसे असे कोष्टक करून ठेवले आहे. त्यांना शहरांची तुलना करावयाची होती, आणि वर्ष-दोन वर्षांत नाणे व वजन दोन्ही पालटली. एकक लिहिले नसते तर त्या वहीतून आज काहीही कळले नसते.

पण धान्याच्या तुलनेत याहून खोल अडचण होती, ती आईला कोष्टकावाचून समजली. पहिल्या वर्षी तिने भोपाळातही नागपूरचाच स्वयंपाक केला. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, भात. ज्वारी येथे आडगिऱ्हाइकी, म्हणून महाग. ती म्हणे, भोपाळ महाग आहे. शेजारच्या सिहोरकर बाईंचा गव्हाचा हिशेब ऐकून वडील म्हणत, भोपाळ स्वस्त आहे. दोघांचे म्हणणे खरे होते. जुन्या गावच्या टोपलीने नव्या गावचा बाजार मोजला की नवे गाव महाग दिसते. नव्या गावच्या टोपलीने जुने गाव मोजले की तेच महाग दिसते. किमतींच्या तुलनेतील हा पेच जर्मनीच्या लास्पेरेस आणि पाशे या दोन विद्वानांनी एकोणिसाव्या शतकात सूत्रबद्ध केला. एकाने जुनी टोपली धरली, दुसऱ्याने नवी. आमच्या घरी तो पेच असा सुटला की आठवड्यातून पाच दिवस पोळी आणि दोन दिवस भाकरी. खर्च उतरला. मात्र सवय मोडण्याला जी किंमत पडली, तिच्यासाठी वहीत रकाना नव्हता. आजी तर शेवटपर्यंत म्हणत राहिली की पोळीने पोट भरते पण जेवण होत नाही.

भोपाळच्या घरटंचाईचा इतिहास कोणी लिहिला आहे की नाही यापेक्षा तो नकाशात कसा राहून गेला आहे, हे मला अधिक लक्षणीय वाटते. इतर शहरांत पेठांना वारांची नावे असतात, देवांची असतात, सरदारांची असतात. आपल्याकडे रिक्षावाल्याला आपण सांगतो, 'ग्यारह सौ क्वार्टर चलो', 'बारह सौ पचास', 'चौहत्तर बंगले', 'पैंतालीस बंगले'. घरे किती बांधली तो आकडाच पत्ता होऊन बसला. ज्या शहरात माणसे घरासाठी यादीत उभी होती, तेथे घरांची मोजदाद लोकांच्या तोंडी बसावी यात नवल नाही. आमची क्वार्टर तात्या टोपे नगरात होती. त्या नगराच्या क्वार्टरांपैकी पुष्कळ अलीकडे स्मार्ट सिटीसाठी पाडल्या गेल्या, त्यांत आमचीही गेली.

आता करोंदकडे येतो. माझ्या पिढीने निवृत्तीच्या आधी घर घ्यावयाचे म्हटले तेव्हा अरेरा कॉलनी आवाक्याबाहेर गेली होती. बैरसिया रस्त्यावरची ही बाजू स्वस्त होती. का स्वस्त होती? शहरापासून दूर, धुळीची, मंडीच्या ट्रॅक्टरांची, हे तर झालेच. त्याशिवाय एक कारण असे होते की ते कोणी मोठ्याने बोलत नसे. शहरातून करोंदला यावयाचे तर युनियन कार्बाइडच्या बंद कारखान्यावरून यावे लागे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तेथून जो वायू सुटला, त्याने शहराच्या त्या अंगाचा जमिनीचा भावही बदलला. त्या रात्री विधवा झालेल्या स्त्रियांसाठी शासनाने याच करोंदच्या बाजूला सुमारे अडीच हजार घरांची वसाहत बांधली. कागदोपत्री तिचे नाव जीवन ज्योती, लोकांच्या तोंडी विधवा कॉलनी. कारखान्याभोवतालच्या वस्त्यांत जमिनीखालचे पाणी दूषित झाल्याचे आढळले, आणि तेथील लोकांना शुद्ध पाणी पुरवा असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली द्यावा लागला. कारखान्यात साठविलेला ३३७ टन विषारी कचरा पिथमपूरला हलविला गेला तो २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे चाळीस वर्षांनी.

स्वस्त भाड्याची पाटी वाचताना म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगत असे की, हा आकडा कोणी कमी केला ते आधी विचारा. कधी तो अंतराने कमी केलेला असतो, कधी पाण्याने, कधी भीतीने. भाड्यात जे वाचते ते बसभाड्यात, पाण्याच्या टँकरात किंवा डॉक्टराच्या बिलात भरावे लागते. मी हे करोंदला कमीपणा आणण्यासाठी म्हणत नाही. येथेच माझी उमेदीची वर्षे गेली, आणि आज करोंद ते एम्स अशा मेट्रो मार्गाच्या निमित्ताने येथील प्लॉटचे भाव सांगताना दलालांचा आवाज चढलेला असतो.

आता पुण्याचा प्रश्न. येथे प्रथम एक गैरसमज दूर करतो, कारण तो सुशिक्षितांतच अधिक आहे. पुष्कळ निवृत्त मंडळी मला महागाई निर्देशांकाचा तक्ता दाखवितात. औद्योगिक कामगारांसाठीचा हा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्राचे श्रम कार्यालय काढते. २०१६ हे पायाभूत वर्ष धरून अठ्ठ्याऐंशी केंद्रांतून किमती गोळा होतात. त्यात भोपाळ आहे, नागपूर आहे, पुणेही आहे. मग एखादा म्हणतो, पाहा, भोपाळचा आकडा पुण्यापेक्षा मोठा, म्हणजे भोपाळ महाग! अहो, त्या तक्त्यात प्रत्येक शहर २०१६ साली शंभरावर उभे केलेले आहे. भोपाळचा आकडा भोपाळच्याच भूतकाळाशी बोलतो, पुण्याशी नाही. दोन मुलांची उंची किती वाढली यावरून कोण उंच ते ठरविण्यासारखे हे आहे. गुरुजींनी येथे लाल रेघ मारली असती.

त्यापेक्षा घरभाडे भत्त्याची वर्गवारी थोडी अधिक सांगते. केंद्र सरकारने त्यासाठी शहरांचे तीन वर्ग केले आहेत. पुणे वरच्या वर्गात. भोपाळ आणि नागपूर दोन्ही मधल्या वर्गात. २०२४ च्या जानेवारीपासून वरच्या वर्गाला मूळ वेतनाच्या तीस टक्के आणि मधल्याला वीस टक्के भत्ता मिळू लागला. म्हणजे ज्या दोन शहरांच्या मध्ये आईच्या बांगड्या गेल्या, ती सरकारच्या लेखी एका पायरीवर आली. पन्नास हजार मूळ वेतन असलेला भोपाळहून पुण्यास बदलून गेला तर भत्ता दहाचा पंधरा हजार होतो. वरच्या पाच हजारांत पुण्याचे वाढीव भाडे भागेल काय, हे ज्याचे त्याने भाड्याची पावती समोर ठेवून पाहावे. आम्हा निवृत्तांना तर हा भत्ताच नाही. निवृत्तिवेतनाला गाव नसते. ते करोंदला तेवढेच आणि कोथरूडलाही तेवढेच.

घर विकून घर घेणाऱ्याने एककाची काळजी वडिलांपेक्षाही अधिक घ्यावी. करोंदला आपण प्लॉटचे चौरस फूट सांगतो. जमीन, अंगण, जिना, गच्ची सारे त्यात आले. पुण्यात फ्लॅटचे चौरस फूट सांगतात, आणि तेही कार्पेटचे की सुपर बिल्टअपचे हे विचारावे लागते. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्रफळाची व्याख्या बांधून दिली हे खरे, पण पुनर्विक्रीच्या घरात दलाल अजूनही मोठा आकडा आधी सांगतो. शब्द तोच, 'हजार फूट', आणि वस्तू दोन. मुद्रांकाचे उलट आहे. पुणे शहरात मुद्रांक शुल्क अधिभारांसह सात टक्के आणि नोंदणी शुल्क एक टक्का, तेही तीस हजारांहून अधिक नाही. भोपाळात शुल्क आणि नोंदणी मिळून साडेबारा टक्क्यांच्या घरात जाते. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास दोन्हीकडे सवलत आहे. याचा अर्थ असा की, स्वस्त गावी घर विकून गेलेला मनुष्य दोन वर्षांनी पस्तावून परत आला, तर परतीचे तिकीट महागात पडते. आणि हाउसिंग बोर्डाचे घर लीजवर असेल तर विकण्याआधी ते फ्रीहोल्ड करून घेण्याचा खर्च व खेटे वेगळे.

एक उदाहरण घेतो. आकडे केवळ कल्पिलेले आहेत. समजा, येथील घराचे चाळीस लाख आले आणि तितक्याच खोल्या पुण्यात ऐंशी लाखांना पडल्या. वरचे चाळीस लाख आपल्या ठेवींतून गेले. सात टक्के व्याजाने त्यांचे वर्षाला दोन लाख ऐंशी हजार, म्हणजे महिन्याला सुमारे तेवीस हजार होतात. लोक म्हणतात, पुण्यात आता आम्हाला भाडे नाही, स्वतःचे घर आहे. भाडे आहे, ते आपण न मिळालेल्या व्याजाच्या रूपाने आपल्याच खिशातून दरमहा भरतो. शिवाय सोसायटीची देखभाल वर्गणी. करोंदला गच्चीवर डांबर घालावयाचे ते आपण यंदा नाही तर पुढल्या वर्षी घालतो. सोसायटीची वर्गणी पुढल्या वर्षावर ढकलता येत नाही.

बाजारहाटाचे मी फार बोलत नाही, कारण तो फरक आता उतरणीला लागला आहे. एकच कंपनी दोन्हीकडे एकाच छापील किमतीला साबण विकते. गव्हाची मात्र मौज आहे. आपल्या करोंद मंडीत येणारा शरबती गहू पुण्याच्या किराणा दुकानात 'एमपी सिहोर' अशा पाटीखाली मानाने बसलेला असतो. करोंदकर पुण्यास जाऊन तोच गहू वाहतूक, आडत आणि प्रतिष्ठा यांच्यासह विकत घेतो. नागपूरच्या ज्वारीसाठी आईने जे भोपाळात भोगले, तेच उलट दिशेने.

आता चतुर्थीकडे वळतो. नातवंडांच्या दृष्टीने पाहा. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी अनिवार्य झाली. येथे घरात मराठी बोलणारे पण लिहिताना 'ळ' चुकविणारे आपले मूल तेथे आठवीत गेले, तर त्याला शिकवणी लागेल. तो खर्च आणि ते ओशाळेपण त्याचे. सुनेची किंवा लेकीची नोकरी येथे सोडावी लागली तर गेलेला पगार हा त्या स्थलांतराचा खर्च आहे. मी पाहिलेल्या एकाही तक्त्यात तो मांडलेला नव्हता. आणि आजारी माणसाची गोष्ट तर सर्वस्वी निराळी.

येथे मला घरचे सांगितल्याखेरीज गत्यंतर नाही. १९८४ मध्ये आम्ही शाहजहानाबादेत भाड्याने राहत होतो. मी त्या रात्री परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी होतो. माझी पत्नी घरी होती. तिची छाती तेव्हापासून कधीच पूर्ववत झाली नाही. करोंदनजीकच्या भोपाळ मेमोरियल हॉस्पिटलात गॅसपीडितांवर विनामूल्य उपचार होतात. तेथे तिचे इतक्या वर्षांचे कागद आहेत, तिला ओळखणारे डॉक्टर आहेत. गेल्या वर्षी लेकीने पुण्याचा विषय काढला तेव्हा मी वडिलांच्या वहीसारखे दोन रकाने आखले आणि मोठ्या समाधानाने सांगितले की, काटकसर केली तर परवडते. ती शांतपणे म्हणाली, 'तुम्हांला परवडते. मला काय पडेल ते लिहिले आहे का?' मराठीचा पीएच.डी. झालेला, परवडण्याच्या चतुर्थीवर वर्गात तास घेणारा मी, आणि कर्त्याच्या जागी सबंध घर धरून बसलो होतो.

मग आम्ही दोघांनी वही पुन्हा लिहिली. सत्तरी उलटलेल्या सर्वांना २०२४ च्या ऑक्टोबरपासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू लागले आणि ते देशभर चालते. हे पुण्याच्या बाजूला लिहिले. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचे. महिन्या-महिन्याच्या तपासणीचे आणि औषधांचे नव्हे. तो खर्च तिच्या नावापुढे लिहिला. लेकीच्या जवळ असण्याची किंमत किती धरावी यावर आमचे एकमत झाले नाही. ती जागा कोरी आहे.

ठरले ते असे. घर विकावयाचे नाही. दिवाळीनंतर पुण्यास लेकीच्या घराजवळ अकरा महिन्यांच्या कराराने दोन खोल्या भाड्याने घ्यावयाच्या. त्या काळात दोन्ही घरांची वीज, पाणी आणि कर चालू राहणार. तो तिसरा रकाना या वेळी आम्ही आधीच आखला आहे आणि त्यासाठी एक ठेव मोडून ठेवली आहे. दर तीन महिन्यांनी झेलम एक्स्प्रेसने भोपाळला यावयाचे, तिची तपासणी करावयाची, घराची दारे-खिडक्या उघडावयाची. आपल्यापैकी जे अशाच विचारात आहेत त्यांना माझी एवढीच सूचना आहे की, विकण्याआधी एक वर्ष भाड्याने राहून पाहावे, एक उन्हाळा आणि एक पावसाळा, आणि घरातील प्रत्येक माणसाच्या नावाने वेगळे पान करावे. नातवंडाचेही.

वडिलांची वही मी शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. मागच्या पानावरचे पायलीचे कोष्टक शाईने फिकट झाले आहे. वरच्या वर्गातील मुलांनी ते पुन्हा सोडवून पाहावे, म्हणून गणिताच्या सध्याच्या बाईंशी मी बोललो आहे.